किडनीचे पथ्य आणि मराठी स्वयंपाकघर

मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद घटली की ताटातून आधी जातात ते वर्षानुवर्षे आवडत आलेले पदार्थ. बटाटा नको, शेंगदाणे नकोत, पालेभाजी नको, डाळ बेताची, केळे आणि शहाळे बंद, लोणचे-पापड तर मुळीच नाही, अशी यादी दवाखान्यातून घरी येते. त्या यादीत काय टाळायचे ते असते. आज रात्री काय रांधायचे ते नसते. ते शोधण्याचे काम घरात स्वयंपाक करणाऱ्याच्या वाट्याला येते आणि ते रोज, दोन्ही वेळेला करावे लागते. या कामात मुरलेल्यांच्या हाती कालांतराने काही रीती येतात. त्यांतल्या बऱ्याचशा मराठी घरांत पूर्वीपासून आहेत, फक्त वेगळ्या कारणासाठी.

बंधने कशासाठी आहेत हे नीट समजले तरच पदार्थ बदलता येतो. निरोगी मूत्रपिंड जेवणातून आलेले जास्तीचे पोटॅशियम, सोडियम आणि फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकते. ते काम मंदावले की हे घटक रक्तात साठतात. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या मर्यादेत असावे लागते. ते ६ च्या वर गेले की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो, आणि बऱ्याचदा शरीर आधी काही सूचनाही देत नाही. फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते, हाडे कमकुवत होतात, रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात. सोडियममुळे सूज, रक्तदाब आणि तहान वाढते. प्रथिनांचा हिशेब टप्प्यावर अवलंबून असतो: डायलिसिस सुरू होण्यापूर्वी ती दर किलो वजनामागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅमपर्यंत आवरती घेतात, तर डायलिसिस सुरू झाल्यावर १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवतात, कारण त्या प्रक्रियेत शरीरातील प्रथिने आणि अमिनो आम्लेही काही प्रमाणात निघून जातात. म्हणून शेजारच्या रुग्णाची यादी आपल्या घरी चालत नाही. ज्याच्या रक्तात पोटॅशियम वाढलेलेच नाही, त्याचा बटाटा हिरावून घेण्याचे कारण नसते. पथ्य आपल्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी रक्ताचा अहवाल पाहून ठरवलेलेच पाळावे.

या पथ्यात पौष्टिकतेच्या नेहमीच्या कल्पना उलट्या होतात आणि घरच्यांचा पहिला गोंधळ इथेच उडतो. एरवी गूळ साखरेपेक्षा चांगला मानतात; इथे गुळात पोटॅशियम भरपूर आणि पांढऱ्या साखरेत जवळजवळ नाही. हातसडीच्या तांदळापेक्षा पांढरा तांदूळ बरा, मिश्र धान्यांच्या पिठापेक्षा तांदळाचे पीठ बरे. ताज्या फळांचा रस, सुका मेवा, पालकाचे सूप, शहाळ्याचे पाणी हे प्रेमाने आजाऱ्याला दिले जाणारे सगळे पदार्थ पोटॅशियमने समृद्ध आहेत. भेटीला येणारा नातेवाईक शहाळे घेऊन येतो, आणि ते प्रेमाने आणलेले असल्यामुळे नाकारणे जड जाते. तरीही नाकारावेच लागते. एका ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकते, आणि पोटॅशियमचे पथ्य असलेल्या रुग्णाची दिवसभराची मर्यादा बहुधा २००० ते ३००० मिलिग्रॅमच असते.

आवडीचे पदार्थ टिकवण्याला केवळ मनाचे समाधान समजणे चूक आहे. मूत्रपिंडाच्या आजारात तोंडाची चव जाते, धातूसारखी चव रेंगाळते, अन्नाची शिसारी येते. डायलिसिसवरील माणसांत कुपोषण ही खरीखुरी आणि गंभीर समस्या आहे. बेचव पथ्य माणूस फार काळ पाळत नाही. एक तर तो उपाशी राहतो किंवा लपून खातो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्प्नर यांनी १९३९ साली रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बिनमिठाचा भात, फळे आणि साखर एवढ्यावर आधारलेला आहार सुरू केला. दिवसाला सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि अगदी नगण्य मीठ असलेल्या त्या आहाराने अनेकांचा रक्तदाब उतरला, पण त्याचा एकसुरीपणा सोसणे रुग्णांना फार कठीण गेले. रोज तेच आणि तेही बेचव, ही अडचण औषधाने सुटत नाही. ती स्वयंपाकघरातच सोडवावी लागते.

त्यासाठी प्रत्येक पदार्थाबाबत एक प्रश्न विचारावा लागतो: हा पदार्थ कशामुळे ओळखला जातो? बटाटेवडा म्हटले की बटाटा आठवतो, पण खाणाऱ्याच्या तोंडात वडा ओळखीचा होतो तो लसूण-मिरची-आल्याच्या ठेच्यामुळे, कोथिंबीर-लिंबाच्या वासामुळे आणि वरच्या पातळ कुरकुरीत आवरणामुळे. पिठल्याचा जीव लसणाच्या खमंग फोडणीत आहे, साबुदाण्याच्या खिचडीचा तुपातल्या जिऱ्यात आणि भाजलेल्या दाण्यांच्या वासात, आमटीचा गोड्या मसाल्यात आणि आंबट-गोडाच्या तोलात. मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, हळद हे सगळे चिमटीने पडते, त्यामुळे त्यांचे पोटॅशियम हिशेबात धरण्याइतके नसते. ओळख ज्यात आहे ते जपायचे आणि बाकीचे मोकळेपणाने बदलायचे, एवढे साधले की निम्मे काम झाले.

दुसरी मोठी मदत पाण्याची. पोटॅशियम पाण्यात विरघळते, म्हणून भाजी भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून दिले की पोटॅशियमही जाते. या बाबतीत एक गैरसमज मात्र घरोघर आढळतो: चिरलेला बटाटा रात्रभर पाण्यात ठेवला की काम झाले, असे समजतात. नुसत्या भिजवण्याने बटाट्यातील पोटॅशियम फारसे कमी होत नाही, उकळण्याने होते. फोडी करून उकळल्या तर सुमारे निम्मे जाते, किसून उकळला तर सुमारे पाऊण हिस्सा जातो. सालासकट अख्खा उकडलेला किंवा निखाऱ्यात भाजलेला बटाटा आपले पोटॅशियम जवळपास राखून ठेवतो. म्हणजे बटाटा सोलायचा, बारीक फोडी करायच्या किंवा किसायचा, मोठ्या पातेल्यात झाकण न ठेवता उकळायचा आणि पाणी टाकून द्यायचे. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवून तेच पाणी भाजीत जिरवले तर काहीच साधत नाही.

असा किस वड्याच्या सारणात पाणचट लागतो. तो स्वच्छ फडक्यात घट्ट पिळून तव्यावर थोडा कोरडा परतला आणि बांधणीसाठी चमचाभर तांदळाचे पीठ घातले की सारण वळते. गेलेली चव ठेच्याचे प्रमाण दीडपट करून भरून काढता येते. आवरणाच्या डाळीच्या पिठात निम्मे तांदळाचे पीठ मिसळले तर वडा जास्त कुरकुरीत होतो आणि डाळीचे पीठही कमी लागते. खायचा सोडा मात्र घालायचा नाही. एका लहान चमच्यात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. वडे दोनच वाढायचे, आणि ते उपासमारीसारखे वाटू नये म्हणून बाजूला मुरमुरे किंवा काकडीच्या चकत्या ठेवायच्या.

डाळींना हीच रीत लागू पडते, आणि ती मराठी घराला नवी नाही. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून कट काढला जातो, तेव्हा डाळीतले पोटॅशियम त्या कटात उतरते. कटाची आमटी घरातल्या इतरांना वाढायची आणि डाळ रुग्णासाठी ठेवायची, एवढा बदल पुरतो. कोकणात वेळून केला जाणारा भात हा तसाच प्रकार. जास्त पाण्यात तांदूळ शिजवून पेज काढली की भात आणखी सौम्य होतो. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत हजार मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम असते. रुग्णाच्या वरणासाठी डाळ काही तास भिजवायची, ते पाणी टाकायचे, उघड्या पातेल्यात पुष्कळ पाण्यात शिजवायची, वरचे पाणी ओतायचे आणि मग नव्या पाण्यात घोटायची. या रीतीत पाण्यात विरघळणारी ब आणि क जीवनसत्त्वेही निघून जातात, हे विसरू नये. डायलिसिसवरील रुग्णांना डॉक्टर बहुधा त्यांच्या गोळ्या देतात त्याचे हेही एक कारण आहे. वरण फिके झाले तर तुपावर लसूण-जिरे-हिंगाची फोडणी वरून घालायची. शिजताना घातलेल्या मसाल्यापेक्षा शेवटी ओतलेल्या फोडणीचा वास ताटापर्यंत जास्त पोहोचतो.

पिठातून मात्र पाणी काढून टाकता येत नाही. बेसन, भाजणी, राजगिऱ्याचे पीठ यांचे प्रमाणच घटवावे लागते. पिठले करताना निम्मे बेसन आणि निम्मे तांदळाचे पीठ घेतले, लसूण आणि हिरवी मिरची सढळ ठेवली, तर भाकरीबरोबर ते चांगले लागते. थालीपिठाच्या भाजणीत डाळी आणि कडधान्ये बरीच असतात. त्याऐवजी तांदूळ आणि थोड्या ज्वारीच्या पिठात भाजलेल्या धने-जिऱ्यांची पूड, ओवा आणि भरपूर कांदा घातला की खमंगपणाचा मोठा भाग परत येतो, कारण भाजणीचा वास मुख्यतः भाजण्यातून आणि धन्यांतून येतो. कांदेपोह्यांना तर फार काही करावेच लागत नाही: दाणे आणि बटाटा वगळायचा, लिंबू आणि खोबऱ्याची चिमूट ठेवायची. घावन, आंबोळी, तांदळाची उकड हे पदार्थही जवळजवळ जसेच्या तसे चालतात. भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, घोसाळे, तोंडली, कोबी या पाणीदार भाज्या कामाच्या. पालक, माठ, अळू, शेवग्याच्या शेंगा, सुरण, रताळे यांच्यापासून सावध राहावे.

मिठाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटना सर्वसामान्य प्रौढांनाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे असे सांगते. त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम येते. किडनीच्या रुग्णाला बऱ्याचदा त्याहूनही कमी ठेवावे लागते. मराठी जेवणात भाकरी आणि भात बहुतेक घरांत बिनमिठाचेच होतात, मीठ सगळे भाजी-आमटीत आणि तोंडीलावण्यात असते. म्हणून भाजी-आमटी रुग्णापुरती बिनमिठाची काढून ठेवायची, आणि दिवसाचे मीठ सकाळीच मोजून एका छोट्या डबीत भरायचे. पानाच्या वरच्या बाजूला मीठ वाढण्याची जुनी पद्धत इथे फार उपयोगी पडते: रुग्ण आपल्या वाट्याचे मीठ स्वतः घासावर लावतो, आणि वर भुरभुरलेले मीठ आत शिजलेल्यापेक्षा जिभेला ठळक लागत असल्याने थोड्यातच भागते. लिंबू, मिरपूड, भाजलेले जिरे, लसूण, पुदिना यांनी उणीव बरीच भरून निघते. कोकमाच्या आगळात बहुधा मीठ असते, ते वापरताना डबीतले मीठ तेवढे कमी करावे. कमी मिठाची जिभेला सवय व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. हा काळ घरासाठी कठीण असतो आणि या काळात रुग्णाच्या चिडचिडीचा राग धरू नये.

बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठाबद्दल स्पष्ट इशारा द्यायला हवा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाबाच्या इतर रुग्णांना ते उपयोगी असेल. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाला ते घातक ठरू शकते. सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. उपवासाला चालते म्हणून ते पथ्यालाही चालते असे नाही.

उपवासाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आषाढी, महाशिवरात्र, चतुर्थी यांच्या दिवशी रुग्णाचे पथ्य हमखास मोडते. उपवासाचे ताट म्हणजे बटाटा, रताळे, दाणे, केळी, खजूर, राजगिरा आणि दूध. जवळजवळ सगळे पोटॅशियमचे किंवा फॉस्फरसचे साठे. त्यातला साबुदाणा एकटा निरुपद्रवी आहे. तो जवळपास निव्वळ पिष्ट असल्याने त्यात पोटॅशियम फार थोडे असते. म्हणून खिचडी सोडण्याची गरज नाही. दाण्याचे कूट वाटीऐवजी एक चमचा, पण दाणे त्याच वेळी खमंग भाजून जाडसर कुटलेले, म्हणजे वास पूर्ण मिळतो. बटाटा घालायचाच असेल तर उकळून पाणी काढलेल्या दोन-चार फोडी. तूप, जिरे, हिरवी मिरची, लिंबू नेहमीसारखे. भगरही मापात चालते, मात्र तिच्यासोबतची दाण्याची आमटी नको. निर्जळी उपवास तर किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये.

मांसाहारी घरांत मीठ आणि रस्सा या दोन अडचणी येतात. मटण शिजताना त्यातले पोटॅशियम रश्श्यात उतरते, शिवाय रश्श्यात मीठ आणि पाणीही असते. कोल्हापूरकडच्या माणसाला तांबडा-पांढरा रस्सा सोडणे फार जीवावर येते, पण तिथे तडजोड रश्श्यात करायची, मटणात नाही: उकडून पाणी काढलेल्या दोन तुकड्यांचे सुके, त्यावर कांदा-खोबऱ्याचे थोडे वाटण आणि तेलावर परतलेली तिखट तर्री चमचाभर. कोकण-गोव्यात ताजी मासळी मोजक्या तुकड्याने चालते. लिंबू, हळद आणि लसूण लावून रव्यात घोळलेल्या सुरमईच्या तुकड्याला मिठाची उणीव फारशी भासत नाही. सुकट, खारा बांगडा हे मिठातच मुरलेले असल्याने वर्ज्य. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिने वाढवायची असतात तेव्हा अंड्याचा पांढरा भाग फार उपयोगी पडतो. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि फॉस्फरस अगदी नाममात्र असतो. तो जवळजवळ सगळा पिवळ्यात असतो. पांढऱ्याची भुर्जी कांदा, मिरची, हळद आणि कोथिंबीर घालून केली की रंगानेही ओळखीची वाटते.

गोडात दूध आटवलेले पदार्थ टाळावेत, कारण बासुंदी आणि पेढ्यात दुधातले सगळेच एकवटते. श्रीखंडाचे गणित वेगळे आहे. दही टांगून चक्का करताना निथळणाऱ्या पाण्याबरोबर पोटॅशियमचा बराच भाग जातो आणि प्रथिने मागे राहतात, त्यामुळे सणाला छोटी वाटी वेलची-जायफळाचे श्रीखंड देता येते. पुरणपोळीत गुळाऐवजी साखर घालून अर्धी-पाऊण पोळी साजूक तुपाबरोबर वाढता येते. अनेक रुग्णांना मधुमेहानेच किडनीचा आजार झालेला असतो, त्यांना मात्र साखरेची ही सवलत नाही. दोन्ही पथ्ये एकत्र आली की निवड फार अरुंद होते, आणि तिथे घरच्या अंदाजावर न जाता आहारतज्ज्ञाकडून मापे घ्यावीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत ५२८ पदार्थांची मोजमापे आहेत, आणि अशा वेळी आहारतज्ज्ञाला ती उपयोगी पडतात.

लघवी कमी झालेल्या रुग्णाला पाणीही मोजून द्यावे लागते. आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके अधिक सुमारे ५०० मिलिलिटर, असा ढोबळ नियम सांगितला जातो. आमटी, कढी, ताक, चहा, पेज, बर्फ हे सगळे या मापातच धरायचे असते. म्हणून या ताटात भाज्या सुक्या, वरण घट्ट आणि चहा अर्धा कप. ताक पूर्णच बंद करावे लागले तर काही घरांत भाताबरोबर दोन चमचे घट्ट दही जिऱ्याच्या फोडणीने देतात. मीठ खरोखर कमी झाले की तहानही आपोआप उतरते, म्हणून पाण्याचे पथ्य मिठापासून सुरू करावे.

काही पदार्थांना मात्र सुधारित रूप नाही. कमरख, ज्याला गोव्याकडे करमल म्हणतात आणि ज्याच्या आडव्या चकत्या चांदणीसारख्या दिसतात, ते फळ मूत्रपिंडाच्या रुग्णाने एक फोडही खाऊ नये. त्यातील मज्जातंतूंना घातक असे कॅरॅम्बॉक्सिन हे द्रव्य निरोगी माणसाच्या शरीरातून बाहेर जाते, पण किडनीच्या रुग्णात साठून उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूपर्यंत नेऊ शकते. ब्राझीलमधील संशोधकांनी ते २०१३ साली वेगळे करून दाखवले. काळ्या रंगाच्या कोला पेयांत फॉस्फरिक आम्ल असते. पाकीटबंद पदार्थांत मिसळलेला फॉस्फेट शरीर जवळजवळ पूर्ण शोषून घेते, तर डाळी-धान्यांतला त्या मानाने बराच कमी शोषला जातो. त्यामुळे फॉस्फरसच्या भीतीने घरची उसळ बंद करण्यापूर्वी पाकिटे बंद करावीत.

हा सगळा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर करत राहिले तर करणारी व्यक्ती थकते आणि रुग्णाला एकटे पडल्यासारखे वाटते. बहुतेक घरांत शेवटी टिकते ती एकच पद्धत: भाजी सर्वांची एकत्र आणि बिनमिठाची शिजवायची, रुग्णाचा वाटा काढायचा, मग उरलेल्यात मीठ, गूळ, कूट घालायचे. दर महिन्याच्या रक्ततपासणीत पोटॅशियम, फॉस्फरस आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) यांचे आकडे आले की मापे पुन्हा जुळवायची. पोटॅशियम आटोक्यात असून अल्ब्युमिन घसरत असेल तर रुग्ण पुरेसे खात नाही असा संशय घ्यावा आणि पथ्य आणखी आवळण्याऐवजी आवडीचा पदार्थ वाढवावा. किडनीचे प्रत्यारोपण यशस्वी झाले की यादी पुन्हा बदलते. डाळ, फळे, पालेभाजी हळूहळू परततात, पण टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी काही औषधे पोटॅशियम वाढवतात, म्हणून ती एकेक करून, अहवाल पाहत आणायची असतात. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने उघड्यावरची चटणी, कच्चे मोड, न तापवलेले दूध टाळावे लागते, आणि ग्रेपफ्रूट किंवा पपनस टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढवू शकतात म्हणून ती फळेही बाजूला राहतात.